मामांची न विरघळणारी गोळी

जगातली सगळी भांडणं नीट न विरघळल्यामुळेच होतात, यावर माझ्या मामांइतका विश्वास असलेला माणूस सगळ्या सुरतेत सापडणार नाही. कामरेजजवळच्या एका औषधाच्या कारखान्यात त्यांचं आयुष्य गोळ्या विरघळवण्यात गेलं. वरणात मीठ सगळीकडे सारखं पोचलं का, हे बघायला ते चार बाजूंनी चार चमचे चाखतात. कुणी स्थळ आणलं की विचारतात, "मुलगा मिसळतो, की तळाशी बसतो?" सुरतेत वाढल्यामुळे त्यांच्या मराठीत गुजराती शब्द सहज येतात. एकदा जळगावहून आलेल्या मावशीला ते खिन्नपणे म्हणाले, "ताई, गोळी ओगळतच नाही." गुजरातीत ओगळणं म्हणजे विरघळणं, मावशीने ऐकलं ओघळणं. "मंग बरं शे ना भाऊ," ती म्हणाली, "पुसानं काम वाचनं."

ती गोळी नायट्याची होती. सुरतेतल्याच पांडेसऱ्याच्या कापड रंगवणाऱ्या मिलमध्ये ओल्या उकाड्यात उभ्या राहणाऱ्या कामगारांना नायटा सोडत नाही, आणि पाण्यात न विरघळणारी ही गोळी तुपातेलाच्या जेवणासोबतच नीट लागू पडते. कोऱ्या चहावर घेतली तर बरीचशी जशी गेली तशी बाहेर. ज्याच्या ताटात तूप, त्यालाच गुण, हा कुठला न्याय? मिलच्या दारात वाटायला मी तावातावाने पत्रक लिहिलं. मामांनी ते शांतपणे वाचलं. "खरं आहे, पण विरघळत नाही. आधी बारीक दळ. मग लोकांना आवडणाऱ्या कशात तरी कालव." गोळीचंही त्यांनी तेच चालवलं होतं: औषध बारीक करायचं, पाण्यात चटकन मिसळणाऱ्या पदार्थात एकजीव करून वाळवायचं. ताजी गोळी झटकन विरघळे. दमट हवेत काही महिने ठेवली की औषधाचे पुन्हा हट्टी खडे.

दमट हवेत मुद्दाम ठेवलेल्या शेवटच्या नमुन्याचे सहा महिने नेमके मामांच्या निवृत्तीच्या दिवशी भरले. समारंभाला आलेल्या मामी आणि मी प्रयोगशाळेच्या दारात उभे होतो. आत चाचणीच्या यंत्रावर, त्या नमुन्यातल्या गोळ्या टाकलेल्या पाण्याच्या सहा काचेच्या भांड्यांत पाती फिरत होती.

"अहो, हार सुकतोय," मामी म्हणाल्या.

"सुकू दे. गोळी अजून ओली आहे."

शेवटी यंत्रावरचा आकडा वाचून तिथली मुलगी म्हणाली, "सर, पूरेपूरी ओगळी गई."

टाळ्या झाल्या, सगळे पेढ्यांकडे वळले. मामा भांड्याला जवळजवळ नाक लावून तिथेच.

"काय बघताय, मामा?"

"काही दिसत नाही ना, ते."

काम संपलं होतं, पाती मात्र फिरत होती. मामांचं बोट यंत्र बंद करायच्या बटणावर होतं, आणि मामींनी तिसरी हाक मारेपर्यंत त्यांनी ते दाबलं नाही.