वरचा बघून घेईल

क्रिसान्तो आमच्या फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या ऑफिसातला सर्वांत ज्येष्ठ प्रोग्रामर. चुका इतरांच्या हातून होतात, आपल्या हातून फक्त महान कार्यं होतात, असा त्याचा ठाम समज. समोरच्या बेटावरच्या बाकोलोदला जाणाऱ्या बोटींच्या तिकीटविक्रीचा प्रोग्राम त्यानेच लिहिलेला. त्याची पद्धत सोपी: कुठे काही बिघडलं की तो बिघाड वर फेकायचा. याला एक्सेप्शन म्हणतात. प्रोग्रामात सगळ्यांत वर त्याने एक झेलणारा बसवला होता. तो काहीही झेलायचा, गिळायचा आणि प्रवाशाला 'शुभ प्रवास' म्हणायचा.

नव्याने आलेल्या मिंडाने ते वाचून कपाळाला हात लावला.

"मानोंग," ती म्हणाली; थोरल्या भावाला आमच्याकडे असंच म्हणतात. "प्रोग्रामच्या प्रत्येक तुकड्यानं, प्रत्येक फंक्शननं, उत्तर तरी द्यावं, नाहीतर चूक तरी मागणाऱ्याच्या हातात ठेवावी. मागणाऱ्यानं दोन्हींचं काय करायचं ते तिथंच लिहायचं. नाही लिहिलं तर प्रोग्राम तयारच होणार नाही."

"म्हणजे दर ओळीला तब्येत विचारत बसायचं? अगं पोरी, वरचा बघून घेतो!"

"वरचा बघत नाही, नुसता गिळतो."

आम्ही सगळे क्रिसान्तोच्या बाजूने हसलो. त्याच्या खणात आम्हाला वाटायला नेहमी गुळाचं सारण भरलेली ताजी पियाया असायची.

मग वादळ आलं, बोटी बंद झाल्या. प्रोग्रामच्या 'बोट सुटणार का?' या प्रश्नाला बंदराकडून उत्तरच येईना; लाइन गेली होती. बिघाड वर गेला, गिळला गेला, तिकिटं मात्र धडाधड खपली. धक्क्यावर भिजणाऱ्यांत क्रिसान्तोच्या सासूबाई होत्या, काखेत कोंबडा घेऊन. फोनवरचा त्यांचा आवाज अख्ख्या ऑफिसने ऐकला.

"जावईबापू, तुमचं मशीन मला शुभ प्रवास म्हणालं! इथं कुत्रंसुद्धा पाण्यात उतरेना!"

क्रिसान्तोने सगळं मिंडाच्या पद्धतीने पुन्हा लिहिलं आणि मीटिंगमध्ये म्हणाला, "मी पहिल्यापासून हेच सांगत होतो." साहेबांनी त्याला लगेच बढती दिली.

मिंडाने ते कोड उघडलं. जिथे जिथे उत्तराऐवजी चूक हातात येणार, तिथे तिथे एकच आज्ञा होती: काही करू नका, पुढे चला.

"मानोंग, हे काय?"

"दोन्ही बाजू लिहा म्हणालीस ना? लिहिल्या की!"

मिंडा खुर्ची ओढून एकेक जागा दुरुस्त करत बसली. बंदराकडून उत्तर नाही, तर विक्री बंद.

पुढच्या वादळात तिकीट कोणालाच मिळालं नाही. धक्का रिकामा होता, त्यामुळे आभार मानायलाही कोणी नव्हतं. तक्रारी मात्र भरपूर आल्या, आणि त्या साहेबांनी मिंडाकडे पाठवल्या.