कॉम्प्युटरचा दहावा

साफसफाईचा एवढा सोस असलेला माणूस आख्ख्या भिवंडीत दुसरा न्हाय, आणि तो देवाने माझा धाकटा दीर म्हणून मलाच दिला. झाडूला हात लावत न्हाय, तेवढं सोडलं तर फार स्वच्छ. जुनं दिसलं की फेक, एवढंच त्याला कळतं. मी लग्न होऊन आले तेव्हा चड्डीत होता, तेव्हापासनं फेकतोय. एकदा वर्षाचं मुरलेलं लोणचं वास येतो म्हणून गटारात ओतलं. एकदा रद्दीबरोबर माझं रेशनकार्ड घालवलं आणि वर मलाच म्हणाला, "वहिनी, फाटलेलंच होतं ते." नवं काढायला मी हापिसाच्या पायऱ्या झिजवल्या, आणि हा घरी बसून कपाट किती मोकळं झालं ते बघत होता. माझा नवरा गेला, तर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी याने भावाच्या चपला उचलल्या. "घाण कशाला ठेवायची?" मी काय बोलणार. तीस वर्षं कापडाच्या लूमवर सुताच्या कांड्या भरल्या, कापूस तोंडात जाऊन जाऊन बोलायची सवयच मोडली.

धामणकर नाक्यावर त्याचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान हाय. सकाळी ते मी झाडते. सोस साहेबांचा, कंबर माझी. त्या दिवशी कॉम्प्युटर अपडेट झाला आणि जागा भरली म्हणून अडून बसला. झालं, याची दिवाळी आली. यादी उघडून एकेका चौकोनात टिक मारत मोठ्याने वाचायला लागला, "अपडेटचा उरलेला कचरा, काढा. मागची सिस्टीम, वीस जीबी, काढा. डाउनलोड, काढा."

"डाउनलोड म्हंजे काय, भावजी?"

"फोनवरनं, नेटवरनं उतरवून ठेवलेलं. कचराच सगळा."

"मग तुमच्या भावाचा आवाज?"

माझा फोन पाण्यात पडून मेला. त्यात नवऱ्याचा जायच्या आठ दिवस आधीचा आवाज होता. "चहा आण गं, साखर जरा जास्त घाल," एवढाच. फोन मरायच्या आधी यानेच तो कॉम्प्युटरात उतरवून ठेवलेला. दुसरीकडे कुठंच न्हाय.

त्याने यादी परत वर सरकवली. मग गपचूप डाउनलोडची टिक काढली.

"आणि ती मागची सिस्टीम?" मी विचारलं.

"नवी बिघडली तर परत जायला ठेवलेली असते. दहा दिवसांनी आपोआप जाते. पण जुनीच ना ती, वहिनी."

"असूद्या. लूमवर सुताचा नवा बीम चढवताना जुन्याची टोकं आधी कापून टाकतात काय? त्यांनाच नवे धागे सांधतात. आणि दहा दिवस तर आपण मेलेल्या माणसालाबी देतो."

"आता कॉम्प्युटरचा दहावा घालू?"

"घाला. कावळा शिवला की सांगा."

हसला न्हाय. नुसता अपडेटचा कचरा काढला आणि दहा दिवस मशीन रडतखडत चालवली. अकराव्या दिवशी मी झाडत होते तेव्हा म्हणाला, "गेली ती, आपोआप. आवाज हाय, वहिनी." आणि लावला. साखर जरा जास्त घाल. आम्ही दोघं कॉम्प्युटरकडे बघत बसलो, जसं काय त्यात कोण दिसणार होतं.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. वरच्या फळीवरनं कागद काढून द्या म्हणालं. त्या फळीला हा मला कधी हात लावू देत न्हाय, पण तो अजून कॉम्प्युटरकडेच बघत होता, म्हणून मीच हात घातला. कागदाच्या मागं एक पिशवी होती. आत माझ्या नवऱ्याच्या चपला, अंगठा शिवून आणलेल्या.

मी कागद दिला. पिशवी होती तशी मागं सारली, आणि ती फळी तेवढी न झाडता तशीच ठेवली.