सफरचंदाच्या गरातली गोळी

त्या वृद्धाश्रमात सगळे तिला मावशीच म्हणत. नवरा गेल्यावर पोटासाठी धरलेलं काम, त्याला आता अठरा वर्षं झाली होती. लादी पुसण्यापासून सुरुवात केली आणि शिकत शिकत औषधांच्या ट्रॉलीपर्यंत पोचली. ट्रॉलीची किल्ली हातात आली त्या दिवशी घरी जाऊन तिने आधी देवापुढे हात जोडले. एरवी ओठ घट्ट मिटून बसणारे आजोबाही तिच्या हातून गोळी घेत.

अडलं ते खिडकीजवळच्या टेलरबाईंपाशी. जन्मभर मशीन चालवून बोटं वाकडी झालेली, जीभ मात्र शाबूत. रक्तदाबाची गोळी दिसली की म्हणत, "डोकं जड होतं माझं त्यानं. तूच खा. तुझाही दाब चढलेला दिसतोय."

तीन दिवस गोळी परत गेली. चौथ्या सकाळी मावशीला दुर्बुद्धी सुचली. तिने गोळी चमच्याने चिरडली, सफरचंदाच्या शिजवलेल्या गरात कालवली आणि वाटी पुढे केली.

"यात काही घातलं नाहीस ना गं?"

"नाही हो. नुसतं सफरचंद."

टेलरबाईंनी दोन चमचे खाल्ले. तिसऱ्याला थांबल्या, मावशीकडे नुसतं पाहिलं आणि वाटी बाजूला सारली. मावशीने चार्टवर 'घेतली' असं लिहून सही केली.

त्या दुपारपासून टेलरबाईंनी अन्न सोडलं. कोणाच्याच हातचं घेईनात. पाणीसुद्धा स्वतः उठून नळाचं भरत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "सकाळपर्यंत जेवल्या नाहीत तर नळी घालायला दवाखान्यात न्यावं लागेल. वयाबरोबर भूक जातेच."

भूक कशाने गेली ते एकट्या मावशीला ठाऊक होतं. सांगावं तर किल्ली जाणार, न सांगावं तर बाईंच्या नाकात नळी. तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, पण 'नुसतं सफरचंद' हे शब्द काही डोक्यातून जाईनात. मग तिने सिस्टरांना सगळं सांगितलं.

सिस्टर ओरडल्या नाहीत. "मावशी, ती गोळी पोटात हळूहळू विरघळायची असते. चिरडली की सगळा जोर एकदम अंगात येतो. दोन चमच्यांवर थांबल्या म्हणून बरं. आणि वर सही ठोकलीत?"

"हो."

"किल्ली ठेवा टेबलावर."

तिने ठेवली. सिस्टरांनी टेलरबाईंचा दाब मोजला आणि डॉक्टरांना फोन लावला. डोकं जड होतं हे त्यांच्या कानावर कोणी घातलंच नव्हतं. उद्या स्वतः तपासेपर्यंत गोळी थांबवा, असं ते म्हणाले.

"बाईंना मीच सांगते," मावशी म्हणाली.

ती पलंगाशेजारी स्टुलावर बसली. "परवा त्या गरात गोळी होती. मी तुमच्याशी खोटं बोलले."

"माहीत आहे. चाळीस वर्षं गिऱ्हाइकं अपुरं कापड आणून पुरेल म्हणायची. त्यांचं कळायचं, तुझं कळणार नाही?" मग टेलरबाईंचा आवाज उतरला. "मला वाटलं, आता मरेपर्यंत प्रत्येक घास असाच असणार."

मावशी उठली, स्वयंपाकघरातून अख्खं सफरचंद आणि सुरी घेऊन आली. बाईंच्या डोळ्यांसमोर धुतलं, चिरलं, एक फोड आधी स्वतः खाल्ली आणि बशी त्यांच्या मांडीवर ठेवली.

टेलरबाईंनी एक फोड उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि तोंडात टाकली. चावायला फार वेळ लागला. मावशी तोवर हलली नाही.

"बिया नीट काढ," त्या म्हणाल्या, "आणि दुसरी दे."