गच्चीवर उभा राहिलेला नारळ

सन २००४, एप्रिलमधला दुसरा रविवार. जमा रक्कम साठ हजार पाचशे. अकरा घरं, दर घरी साडेपाच हजार. हजर: अकराही घरांतली कर्ती माणसं आणि पाणाड्या, म्हणजे जमिनीतलं पाणी दाखवून देणारा. खजिनदार मी होतो.

अमरावतीच्या बाहेर आमचा लेआउट नवा होता. नळ आला नव्हता आणि टँकर चार दिवसांआड यायचा. जमलेल्या पैशात एक बोअर आणि त्यावरची मोटार एवढंच बसत होतं. बोअर कोरडा गेला तर पुन्हा वर्गणी द्यायची ऐपत निम्म्या घरांत नव्हती. म्हणून मी म्हणत होतो, सरकारी भूजलवाल्यांकडे अर्ज करू, महिनाभर थांबू. अध्यक्षांना थांबायचं नव्हतं. हे गृहस्थ कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. शास्त्र आपल्या जागी, अनुभव आपल्या जागी, असं त्यांनी मला ऐकवलं.

पाणाड्या तळहातावर आडवा नारळ ठेवून अनवाणी फिरला. अध्यक्षांच्या फाटकासमोरच्या मोकळ्या जागेत नारळ शेंडी वर करून उभा राहिला. मग त्याने तो अध्यक्षांच्या हातावर ठेवला, खालून त्यांचं मनगट धरलं, आणि तिथेही नारळ उठला. सरांना हुंदका आवरेना. अकराशे रुपये मी जागेवर मोजून दिले.

अकराव्या घरातले चाचा मूळचे अकोल्याचे. चाळीस वर्षं शाळांमधून जादूचे प्रयोग केलेले, आता मुलीकडे राहायला आलेले. त्या दिवशी ते मागे उभे राहून बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना माझ्या गच्चीवर बोलावलं. येताना घरच्या देवापुढचा एक नारळ घ्या, म्हणाले.

त्यांनी नारळ हातावर आडवा ठेवला आणि सांगितलं की नारळाकडे बघूच नका, मनगटाकडे बघा. तळवा किंचित खोलगट होता. अंगठ्याखालचा उंचवटा त्यांनी नखाएवढा दाबला, मनगट तेवढंच कललं, आणि नारळ उठून उभा राहिला. खाली स्लॅब होता, त्याखाली माझं स्वयंपाकघर. पाणी असेल तर माठात. त्यांनी ते चार वेळा केलं. मग बाकीचं सांगितलं. सगळ्यांत मानाचा माणूस आधी हेरायचा, खेळ त्याच्या हातात द्यायचा. पुढे जादूगाराला बोलावं लागत नाही, तो माणूसच वकिली करतो. जागासुद्धा अशी निवडायची की त्याला ती आधीच हवी असेल.

मला वाटलं, वाचलो. तेवढ्यात एक जण पुढे झाला.

"चाचा, हे तं तुमाले बी येते! मंग इतके दिवस काहून नाही सांगतलं? सांगा ना, पाणी कुठी आहे?"

बाकीचेही तेच म्हणू लागले. कोणी सुचवलं की दोन्ही नारळ एकाच जागी उभे राहिले तर पक्कं समजू. चाचांनी नारळ खाली ठेवला.

"बाबू, मले नारळ उभा करता येते. पाणी दिसत नाही. त्यालेही दिसत नाही."

अध्यक्ष म्हणाले, "सगळ्यांनाच ती सिद्धी नसते," आणि जिना उतरले.

मला आजही संताप येतो तो त्या पाणाड्याचा कमी. त्याचं ते पोट होतं. शिकलेली नऊ माणसं उजेडात, चार हातांच्या अंतरावरून, चार वेळा युक्ती बघतात आणि तिलाच पुरावा मानतात, याचा येतो. त्या वर्षांत आसपास बोअरच्या गाड्यांना उसंत नव्हती. एकेका संत्र्याच्या बगिच्यात तीन-तीन भोकं कोरडी जात होती, आणि प्रत्येक भोकाआधी कोणाच्या तरी हातावर असाच नारळ उभा राहिलेला होता.

आमचा बोअर अध्यक्षांच्या फाटकासमोरच तीनशे फूट गेला. फक्त धूळ आली. पाणाड्याने आणखी शंभर फूट सांगितले, तेही केले. धूळच. तेव्हा त्याने कारण काढलं: याच वस्तीत दुसऱ्या कोणी नारळ उभा केला आणि झरा हलला. एकाने चाचांच्या धर्मावरून जे म्हटलं ते मी इथे लिहीत नाही. उतारा करायचं ठरलं, पाचशे एक रुपये. चाचा सभेला आले नव्हते. दहा हात वर झाले का? नऊ झाले. माझा खाली होता, पण तोंडही बंद होतं, आणि व्हाउचरवर सही माझीच आहे.

हिशेब असा. बोअरवाल्याला तीस हजार. पाणाड्याला दोन वेळचे मिळून सोळाशे एक. मोटारीसाठी ठेवलेले अठ्ठावीस हजार आठशे नव्व्याण्णव टँकरवाल्याला, पावसाळ्यापर्यंत. उताऱ्याचे पाचशे एक अकरा घरांवर पडले, म्हणजे चाचांच्या विरुद्ध केलेल्या उताऱ्यात चाचांचेही पंचेचाळीस रुपये पन्नास पैसे गेले. ते मी माझ्या खिशातून त्यांना नेऊन दिले. त्यांनी नको म्हटलं नाही. मोजून घेतले, आणि दार लावलं.