टाकीतले भाडेकरू

मासे पाळणाऱ्यांकडे किश्श्यांना तोटा नसतो. मासे काही बोलत नाहीत, मग बोलायचं सगळं काम माणसांवरच येतं!

आम्ही चौघे तर नुसते बोलतोच. मी मोरे, टेलिफोन खात्यातून रिटायर्ड, डिलाईल रोडला नव्या टॉवरमध्ये एकटा राहतो. लेले मॅडम प्रभादेवीच्या, दातांच्या डॉक्टर. मंगेश लालबागचा, नोकरी बँकेत पण मुक्काम यूट्यूबवर. आणि नाखवा, कफ परेडच्या मच्छीमार नगरातला. आमच्या टाक्यांना लागणारं खोल समुद्राचं पाणी तो बोटीतून कॅन भरून आणतो. स्वतः टाकी ठेवत नाही. म्हणतो, "माझी टाकी ससून डॉकच्या पुढं सुरू होते!"

*

माझ्याकडची टाकी खरं तर लेकाची. निखिल जर्मनीला जाताना म्हणाला, "बाबा, सहाच महिने सांभाळा." झाली की आता चार वर्षं! मालती, माझी बायको, त्याच्या आधीच गेली. त्यामुळे घरात मी, टाकी आणि पंपाची घरघर.

निखिल शनिवारी व्हिडिओ कॉल करतो. आधी प्रवाळांची चौकशी, मग माशांची. पोरगा गुणी आहे, मी उगाच नावं ठेवत नाही. पण एका शनिवारी मी मुद्दाम दाढी करून, नवा शर्ट घालून बसलो होतो.

"बाबा," तो म्हणाला, "जरा बाजूला व्हा ना, टाकी दिसत नाहीये."

*

एके दिवशी टाकीतल्या दगडावर नखाएवढं तपकिरी समुद्रफूल उगवलं, म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्री जीव. मला काय आनंद! घरात बाळ आल्यासारखं वाटलं. चिमट्यानं कोळंबीचा तुकडा भरवला, तर पठ्ठ्यानं गट्टम केला. फोटो आमच्या मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि मिनिटात मंगेशचा फोन.

"काका, बाळ कसलं! ही उपद्रवी जात आहे. प्रवाळांना डंख मारून मारते. काही झालं तरी खरवडू नका!"

तोवर मी टूथब्रशनं खरवडून मोकळा झालो होतो. त्याच्या प्रत्येक तुकड्याचं नवं फूल होतं, हे मला कोण सांगणार? पंधरवड्यात अख्खी चाळ भरली. निखिलची लाडकी प्रवाळं आकसायला लागली.

मंगेशनं त्यांचं नाव ठेवलं, भाडेकरू. "पागडीवाले आहेत, काका. कोर्टात गेलात तरी निघायचे नाहीत!"

तेव्हापासून दर रविवारी तिघे माझ्याकडे यायला लागले. भाडेकरू काढायला.

*

नाखवा लिफ्टमधून कॅन आणायचा, ते आमच्या वॉचमनच्या डोळ्यांवर आलं. रविवार, दुपारची वेळ, पांढरे कॅन, वर एकटा राहणारा म्हातारा. त्यानं आपल्या मनाशी हिशेब जुळवला आणि नाखव्याला अडवलं.

"अंकल, कॅनमध्ये काय आहे?"

"समुद्राचं पाणी."

"सगळे असंच बोलतात!"

नाखव्यानं शांतपणे झाकण उघडून ग्लासभर ओतून दिलं. वॉचमननं इकडेतिकडे पाहिलं आणि एका दमात घशात टाकलं. त्यानंतर तो आम्हाला सलाम करतो, पण लांबून.

*

भाडेकरूंवर औषध म्हणून मंगेश परदेशी पावडर मागवणार होता. मॅडमनी त्याच्या फोनवर पाकिटाच्या फोटोतलं बारीक अक्षर वाचलं आणि म्हणाल्या, "अरे, हा तर चुना!"

मी खाली पानवाल्याकडे गेलो. जन्मात पान खाल्लं नाही. म्हटलं, नुसता चुना दे. तो म्हणाला, "अंकल, या वयात चालू केलंत?"

मग मॅडमचं काम सुरू. पंप बंद, हातात सिरिंज, चुन्याचं दाट पाणी फुलाच्या बरोब्बर तोंडावर. हात जराही हलत नाही बाईंचा. पण सोडण्याआधी प्रत्येक फुलाला हळूच सांगायच्या, "दुखणार नाही हं. दोनच मिनिटं."

"मॅडम, तुम्ही मारताय त्याला!" मंगेश ओरडला.

"सवय आहे रे," मॅडम म्हणाल्या. "तू तोंड मिट आधी."

*

चुन्यातूनही उरलेल्यांसाठी मंगेशनं लाल पट्ट्यांची कोळंबी आणली. ती म्हणे भाडेकरू खाते. किंमत ऐकून नाखवा मटकन खाली बसला. "एवढ्यात माझं घरदार आठवडाभर कोळंबी खाईल!"

तिसऱ्या दिवशी टाकीच्या तळाशी तिचं कलेवर दिसलं. मंगेशनं ग्रुपवर फोटो टाकला, वर हार, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. लोकांनी हात जोडले. मॅडम पेशंट सोडून आल्या. आम्ही उभे राहून बघतोय, तोच दगडामागून बाईसाहेब मिशा हलवत बाहेर आल्या आणि आपल्याच जुन्या सालपटाशेजारून निघून गेल्या. कात टाकली होती!

"आता पोस्ट डिलीट कर," मॅडम म्हणाल्या.

"कशी करू? ऐंशी जणांनी रडून झालंय!"

*

एका रविवारी बोंबील तळता तळता नाखव्यानं विचारलं, "मोरेभाऊ, एवढा त्रास कशाला? टाकी देऊन टाक ना कुणाला."

मला आमचे बाबा आठवले. त्याला त्यांचं सांगितलं. कापडाच्या गिरणीत साचे चालवायचे. संप झाला, सगळं ठप्प. तरी पाळीच्या वेळेला शर्टाला बटणं लावून निघायचे.

आई विचारायची, "कुठं?"

"गेटवर."

"गेटला कुलूप आहे ना?"

"माणसं तर आहेत!"

नाखव्यानं बोंबील उलटला. पुन्हा टाकीचा विषय काढला नाही.

*

आणि एकदाचे भाडेकरू संपले. कोळंबीनं शेवटचा फडशा पाडला. मंगेशनं दगडन् दगड तपासून जाहीर केलं, "टाकी क्लीन!" मी पेढे वाटले. प्रवाळं फुलली. निखिल खूश.

पुढच्या रविवारी कुणी आलं नाही. येणार तरी कशाला? मंगेशचं लग्न ठरत होतं, मॅडमना क्लिनिक, नाखव्याला बोट. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं तेवढी येत होती. मी दुपारी चार कप आधण ठेवलं आणि तीन कप ओतून दिलं. सरळच सांगतो, मला फार एकटं वाटलं. मालती गेली तेव्हा निदान घर माणसांनी भरलेलं होतं.

तिसऱ्या रविवारी मी टाकीसमोर बसून सगळे दगड पाहिले. एकही भाडेकरू नव्हता. मग मी तिघांना फोन केला. म्हटलं, "एक दिसतोय रे."

तासाभरात तिघे हजर. मंगेशनं कोपरान् कोपरा बघितला. "काका, कुठाय? नाहीये काही." मॅडमनी चष्मा पुसून बघितलं आणि मग त्या टाकीऐवजी माझ्याकडेच बघायला लागल्या. मी चहाचं निमित्त करून उठलो.

नाखव्यानं टॉर्च घेतला. गुडघे टेकून बराच वेळ आत बघत राहिला. मग टॉर्च बंद केला.

"हाय," तो म्हणाला. "पण जाम बारका हाय. आज नको. पुढच्या रविवारी येऊन बघू."