कल्हईवाल्याच्या घरातला डिशवॉशर

तीन वर्षांपूर्वी माझ्या बोटांच्या बेचक्यांत भेगा पडायला लागल्या. आधी वाटलं, खडूमुळे असेल. मी तासगावजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते आणि आमच्या वर्गात अजून खडू-फळाच आहे. सांगलीच्या त्वचेच्या डॉक्टरांनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि खडूबद्दल काही न विचारता एकच प्रश्न केला, "घरी भांडी कोण घासतं?"

"मीच."

"आता घासायची नाहीत. साबणाच्या पाण्यात हात घालायचाच नाही."

घरी आम्ही दोघंच, मी आणि अब्बा. अम्मी जाऊन बारा वर्षं झाली. अब्बांनी ऐंशी ओलांडलीय. त्यांनी जन्मभर लोकांच्या पितळी भांड्यांना आतून कथलाची कल्हई केली. भाता, कोळसा आणि कथील घेऊन तासगावपासून म्हसवडपर्यंतची गावं आणि जत्रा पायाखाली घातल्या. लोकांनी पितळ सोडून स्टील घेतलं, तसा त्यांचा धंदा हळूहळू बसला. आमच्या घरची बोली अर्धी दखनी, अर्धी मराठी. इथे मी सगळं मराठीतच लिहिते आहे.

हातमोजे घालून पाहिले, तर आत घाम येऊन भेगा आणखी चिघळल्या. भांड्यांना बाई शोधली, पण हंगामात आमच्या गल्लीतल्या बायका बेदाण्याच्या शेडवर जातात, कोणी मिळेना. एक दिवस शाळेतून आले तर अब्बा मोरीत उकिडवे बसून कुकर घासत होते. त्यांना उठवलं असतं तर भांडी मला घासावी लागली असती.

हे पुण्याच्या मोठ्या बहिणीला, आपाला सांगितलं. ती म्हणाली, "माझा जुना डिशवॉशर पडून आहे. चाकांवरचा आहे, हवा तिकडे ढकलता येतो. पाठवते."

पुण्याला द्राक्षं उतरवून रिकामा परतणारा एक ओळखीचा टेंपो ते मशीन घेऊन आला. कमरेइतकं उंच, पांढरं, खाली चार चाकं, मागे दोन नळ्या गुंडाळलेल्या. दर्शनी बाजूला एक फिरवायचं बटण आणि पाच दाबायची बटणं. त्यांच्याखालची अक्षरं आपाच्या घरी पुसून पुसून गेलेली. सोबतच्या पुस्तकातली भाषा आम्हा दोघांनाही वाचता येईना. चित्रं होती. एका चित्रात नळाखाली काट मारलेला थेंब होता. पाणी सोडायचं की सोडायचं नाही, यावर आमचा अर्धा तास गेला.

शेवटी आपाला फोन लावून स्पीकर चालू केला. ती म्हणाली, "जपून वापरा बरं का. जुनं असलं तरी जर्मन आहे."

अब्बांनी बोटांच्या सांध्यांनी मशीनवर दोनदा टकटक केली आणि कान लावला.

"ही जर्मन न्हाई," ते फोनकडे तोंड करून म्हणाले. "पत्रा हाय. तुला फसवलंय कुणीतरी."

आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात. अब्बांच्या लेखी जर्मन म्हणजे तेच, हलकं, मऊ, कल्हईला नालायक. मी समजावलं की आपा देशाबद्दल बोलतेय. त्यांनी मान हलवली. पण दिवसभर ते जाता-येता मशीनला टकटक करत होते, आणि त्यांना पटलं की नाही ते मला कळलं नाही.

मशीनची नळी आमच्या नळाला बसेना. मशीनचे आटे वेगळे, नळाचे वेगळे. दुकानदाराने हात झटकले. अब्बांनी कॉटखालचा पत्र्याचा डबा ओढला, जुन्या पितळी नळाचा एक तुकडा काढला आणि दोन दिवस दारात बसून कानस चालवली. तिसऱ्या दिवशी नळी बसली. एक थेंब गळत नव्हता. मी "वा" म्हटलं, तर ते म्हणाले, "नळी बसली. आता ह्यात काय करायचं ते तू बघ."

आपाने सांगितलं होतं की तळाच्या झाकणातून मीठ घालायचं, पण खायचं नाही, त्या मशीनचं वेगळं जाड मीठ. ते तिने पिशवी भरून पाठवलं होतं. हे ऐकून अब्बा प्रथमच खूश झाले.

"मीठ बरोबर हाय. पितळ मीठ-चिंचंनंच उजळतं. मग चिंच कुठं घालायची?"

चिंच कुठेच घालायची नाही, हे त्यांना विचित्र वाटलं. खरं सांगायचं तर मलाही वाटलं. मीठ का घालायचं, हे मला तरी कुठे माहीत होतं?

पहिल्यांदा मशीन चालवलं ते दोन तास चाळीस मिनिटं चाललं. मधेच गप्प व्हायचं, मग गुरगुरायचं, मग आत पाऊस पडल्यासारखा आवाज. दार उघडल्यावर वाफेचा लोट आला. ताटं इतकी गरम की हातात धरवेनात. आणि सगळ्यांवर पांढरी भुकटी, जणू राख लावून विसळायची राहिली. मी साबण कमी घातला का जास्त, का चुकीचं बटण दाबलं, असं मनात उलटसुलट करत होते. अब्बांनी ताटावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"चुना हाय. बोअरचं पाणी."

त्यांनी मशीनच्या आतला, पाणी फवारत गोल फिरणारा लांब पट्टा काढून घेतला. त्याची निम्मी भोकं बुजली होती. जुन्या रॉकेलच्या स्टोव्हची पिन शोधून ते एकेक भोक टोकरत बसले. मग रिकाम्या मशीनमध्ये लिंबाचं सत घालून ते चालवायला लावलं. मीठ याच चुन्यासाठी असतं, हे मला त्या दिवशी त्यांच्याकडून कळलं, आणि त्यांना ते कुठून कळलं हे अजून कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी पेले असे निघाले की मी एक खिडकीशी धरून बघत राहिले.

तिथून पुढे काही आठवडे मी सुखात होते. शाळेतून यायचं, चहा घ्यायचा, सकाळची आणि दुपारची भांडी एकदम आत लावायची, बटण फिरवायचं. आतला तो पाण्याचा आवाज ऐकत वह्या तपासायला मला फार आवडायचं. महिनाभरात भेगा भरल्या. पण संध्याकाळी हातांना काम नसायचं. मी उगाच ओटा पुसायची, पुसलेला पुन्हा पुसायची. आराम वाटतोय की चुकल्यासारखं होतंय, हे ठरवता येत नव्हतं.

अब्बांनी भांडी लावायचं काम हळूहळू स्वतःकडे घेतलं. मी लावलेलं ते काढून पुन्हा लावायचे. वाट्या पालथ्या आणि जरा तिरक्या, पळ्या टोकाला, ताटं एकाआड एक. मग स्टूल ओढून मशीनसमोर बसायचे. "आता भरतंय," ते म्हणायचे. "आता तापलं. आता टाकतंय पाणी." त्यांना ते आवडत होतं की ते त्यावर लक्ष ठेवत होते, मला कधी कळलं नाही.

एकदा मी नजरचुकीने ॲल्युमिनियमची कढई आत लावली. ती काळीठिक्कर होऊन बाहेर आली. आपाला फोनवर म्हटलं, "अगं, जर्मन काळं पडलं."

ती घाबरून म्हणाली, "कुठल्या बाजूनं?"

पाच मिनिटं आम्ही दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होतो. अब्बा शेजारी बसून ऐकत होते आणि हसत नव्हते.

अम्मीचं एक पितळी पातेलं आमच्याकडे आहे. वर्षभर ते फळीवर असतं. ईदला शीरखुर्मा त्यातच होतो. त्याची कल्हई अब्बांच्या हातची, अम्मी होती तेव्हाची. एका शनिवारी सकाळची शाळा करून आले, तर मशीन चालू होतं. अब्बा स्टुलावर. सकाळची भांडी तर मी ओट्यावर पाहत होते. मग आत काय?

मशीन थांबल्यावर मी दार उघडलं. आत एकटं ते पातेलं होतं. बाहेरून पितळावर तपकिरी-जांभळे डाग, आतली कल्हई जागोजागी काळपट झालेली.

"हे कुणी ठेवलं?" मी विचारलं. घरात दोनच माणसं, तरी विचारलं.

"मीच."

"अब्बा, पितळ आत घालायचं नाही, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत."

"व्हय, सांगितलं."

"मग?"

"बघायचं हुतं."

"काय बघायचं होतं?"

ते उठले, पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि मागच्या दारी जाऊन उन्हात ठेवलं. मला राग आला होता, पण तो त्यांचा, मशीनचा की आपाचा, हे कळेना. मग दुसरंच काहीतरी मनात आलं आणि रागाची जागा भीतीने घेतली. त्यांना विसर पडायला लागला असेल का?

आपा म्हणाली, डॉक्टरांना दाखव. मी अब्बांना सांगलीला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले. अब्बांनी सगळं बरोबर सांगितलं. शेवटी त्यांनीच डॉक्टरांना विचारलं, "तुमी जेवता कशात?"

"स्टीलच्या ताटात."

"बरं हाय," अब्बा म्हणाले.

येताना एसटीत ते खिडकीबाहेर बघत होते. डॉक्टरांकडे का नेलं, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी मागच्या दारी ठोकाठोकीचा आवाज आला. अब्बांनी जमिनीत खड्डा केला होता आणि माळ्यावरचा भाता स्वतः खाली काढला होता. त्याचं कातडं फाटलं होतं, तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला होता. कोळसा पेटला. त्यांनी मला हाक मारली.

"सांडशी धर."

लहानपणी आम्हा बहिणींना त्यांनी कधी भात्याजवळ येऊ दिलं नव्हतं. आज मी छपन्न वर्षांची, आणि पातेलं आगीवर कसं फिरवायचं ते मला माहीत नव्हतं. मी डावीकडे फिरवायची, ते उजवीकडे म्हणायचे. पातेलं तापल्यावर कथील धरावं म्हणून त्यांनी नवसागराची चिमूट टाकली, पांढऱ्या धुराने डोळे भरले. मग कथलाचा तुकडा आत टेकवला आणि कापसाचा बोळा फिरवला. काळे डाग बघता बघता नाहीसे झाले आणि आत माझा चेहरा दिसायला लागला, वेडावाकडा.

धूर बघून शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या. "आवं चाचा, आमची बी दोन भांडी हायत. करता का?"

"आणा की," अब्बा म्हणाले.

दोनाची सात झाली. पुढचे तीन रविवार आमच्या मागच्या दारी बायका पितळी भांडी घेऊन येत होत्या. ही भांडी इतकी वर्षं कुठे होती, कुणास ठाऊक. चौथ्या आठवड्यात अब्बांना खोकला लागला आणि मी भाता परत माळ्यावर टाकला. ते नाही म्हणाले नाहीत.

एकदा जेवताना मी पुन्हा विचारलं, "पातेलं आत का ठेवलं होतंत?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "तुझी अम्मी म्हणायची, ह्यांची कल्हई कशानं जात न्हाई. मला बघायचं हुतं."

"पण गेली ना."

"व्हय. गेली."

"मग वाईट वाटलं?"

"न्हाई," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "लय दिवस टिकली हुती गं."

मला वाटलं, आता समजलं. ताटं उचलताना वाटलं, नाही समजलं. त्यांना मशीनची परीक्षा घ्यायची होती, स्वतःच्या हाताची, की अम्मीच्या शब्दाची? की पुन्हा कल्हई करायला निमित्त हवं होतं? आपाला विचारलं तर ती म्हणाली, "तू फार विचार करतेस." असेलही.

त्वचेचे डॉक्टर आता म्हणतात की हात बरे आहेत, थोडी भांडी घासलीत तरी चालेल. मी ते घरी अजून सांगितलेलं नाही. मशीन रोज चालतं. गेल्या आठवड्यात ते मधेच बंद पडलं. घरात वीज होती, पण मशीनवरचे दिवे विझलेले आणि आत पाणी तसंच. मी बटणं दाबली, प्लग काढून पुन्हा लावला, पुस्तकातली चित्रं पाहिली. अब्बा म्हणाले, "ऱ्हाऊ दे जरा." आम्ही चहा घेतला. ते काहीतरी बोलत होते, मी ऐकत होते, आणि एवढ्यात मशीन आपोआप सुरू झालं.

"काय केलंत तुम्ही?" मी विचारलं.

"मी कुठं काय केलं? मला वाटलं तू केलंस," ते म्हणाले आणि कपातला चहा बशीत ओतला.