बागेतला तरोटा

गुलबर्ग्यात आमच्या बागेभोवतीचे बंगले निजामाच्या काळातले. दगडी भिंती, उंच छत, फाटकाशी जुनी चिंच. तिथं उतरायचंय म्हटलं की रिक्षावाला 'ए बुढी'चं 'अम्मा' करतो. मी तिथं आले ती मुलगा डॉक्टर झाला म्हणून. माझं स्वतःचं म्हणाल तर चौथी पास आणि मेहकरच्या रानात चाळीस वर्षं खुरपं. पण सहा महिन्यांत मी अशी चालायला लागले, जणू माझी सासू निजामाची बहीणच होती.

सकाळी बायका बागेत फेऱ्या मारून दगडी बाकावर बसत. मला कडेला वीतभर जागा मिळाली होती. अर्धं अंग बाहेर लटकायचं, तरी मी ती सोडत नव्हते.

पाऊस झाल्यावर कुंपणाच्या कडेनं तरोटा उगवला. कोवळा, लुसलुशीत. मला राहवेना. पदरात खुडत होते, तर समोरच्या बंगल्यातली बाई मागं येऊन उभी.

"अक्का, काय काढायलाव?"

भाजी, एवढं सांगायचं होतं. घरात डाळ नसली की आम्ही हेच खाऊन दिवस काढलेत. पण ते सांगायची मला लाज वाटली. म्हणाले, "औषध हाय. शुगरवर. मी लहानपणापासून खाते, मला अजून शुगर न्हाई."

डॉक्टरची आई सांगते म्हटल्यावर कोण शंका घेणार? आठवड्यात कुंपणाची कड खरवडल्यासारखी झाली. बाकावर मला मधोमध बसवलं. किती उकळायचं, मीठ घालायचं का, उपाशीपोटी का जेवल्यावर, सगळं मला विचारत आणि मी बेधडक सांगत होते. घरी मात्र माझ्या ताटात तरोटा नव्हता. सगळा बंगल्यांत गेला होता.

एका सकाळी समोरची बाई फेरी अर्धवट सोडून बाकावर टेकली. तोंड कोरडं, डोळ्यांपुढं अंधारी. आम्ही पाणी पाजलं.

"दहा दिवस झाले गोळी बंद करून," ती म्हणाली. "तुमची भाजी खायलेय की."

आधी माझ्या मनात आलं ते हेच, की सगळ्यांसमोर नको, उद्या एकटीला सांगू. बाकावरची जागा जाईल ना. पण ती घरी जाऊन पुन्हा भाजीच खाणार होती.

"ती नुसती भाजी हाय," मी म्हणाले. "डाळ नसली की खायचो आम्ही. औषध-बिषध काही न्हाई. तू आधी गोळी घे." इतके दिवस तिला तुम्ही म्हणत होते, भीतीनं तू निघालं.

ती हसली. "तुम्हाला पुरंना झालीय म्हणून म्हणायलाव व्हय? उद्यापासून तुमच्यापुरती ठेवते की."

खोटं एका दमात पटलं होतं, खरं काही पटेना. शेवटी कमरेची चंची सोडली. पानसुपारीखाली दडवलेलं गोळ्यांचं पाकीट तिच्या हातात दिलं. अर्धं रिकामं.

"जन्मभर तरोटा खाल्ला. ही बघ माझी शुगर."

तिनं पाकीट उलटंपालटं करून बघितलं. "माझी पण हीच गोळी. लबाड हाव तुम्ही, अक्का."

"व्हय."

मुलगा तिला तपासून आला आणि मला जे बोलला, ते तो मेडिकल कॉलेजात नाही, मेहकरातच शिकला असणार.

आता मी परत बाकाच्या कडेला. आज ऊन हाय म्हटलं तरी बायका आधी वर बघतात. समोरची मात्र रोज नाष्ट्याच्या वेळी गोळी तोंडात टाकून फाटकात येते आणि जीभ बाहेर काढून दाखवते. मग माझी बघितल्याशिवाय आत जात नाही. मीही काढते. रिक्षावाले बघत जातात.